बकुळेचा बांध

घोडपदेव, मुंबई
१८ एप्रिल १९६०

प्रिय बकुळा,

सप्रेम जयभीम. तुझं कार्ड येऊन आज नऊ दिवस झाले. दोन ओळींच्या कार्डाला उत्तर द्यायला माणसाला नऊ दिवस लागावेत, आणि तेही माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला, याचं तुला नवल वाटेल. तू लिहिलंस, "बुद्धपौर्णिमा झाली की निघते. जमीन भावजींच्या ताब्यात देते. तुमच्या मनासारखं होऊ दे." बस्स. खाली नाव नाही, तब्येतीची चौकशी नाही. बायको रागावली आहे हे एखाद्या शहाण्याला तेवढ्यावरून कळलं असतं. मला फक्त 'निघते' एवढाच शब्द दिसला.

त्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे निदान तू हसशील. पहिली पाळी करून आलो होतो, अंगावर गिरणीतली रुई तशीच होती. जिन्यातच कार्ड वाचलं आणि तिथूनच ओरडलो, "बकुळा येतेय रे!" अख्खा मजला बाहेर आला. सात वर्षं मी तुझ्या मागे लागलो होतो आणि सात वर्षं ही चाळ माझी थट्टा करत होती, की राजारामची बायको काही डोंगर सोडत नाही. म्हटलं, बघा आता. दुसऱ्या दिवशी खोलीला चुना काढला, मोरीचा फुटका कठडा बांधून घेतला. आपल्या गावचा गुणाजी गेली अकरा वर्षं माझ्याबरोबर या खोलीत राहतोय. त्याने पथारी शेजारच्या खोलीत हलवायचं कबूल केलं, "वहिनीच्या हातचं कालवण रोज एक वाटी" अशी अट घातली आणि भाच्याच्या लग्नासाठी गावी निघून गेला. नळ पहाटे चारला येतो नि सहाला जातो, म्हणून मी एक मोठं पिंपही आणलं. चाळीत सध्या सगळ्यांचेच हात खळीने चिकट झालेत. एक मेला महाराष्ट्र होणार, मुंबईसकट होणार, त्याच्या पताका चिकटवणं चाललंय. कंदील कुठल्या गॅलरीत लावायचा यावर रोज भांडण होतं आणि ते मिटवायला मला बोलावतात, कारण राजाराम कधी चुकत नाही असं सगळे म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, आणि त्यावर कोणी वाद घालत बसत नाही.

असा मी खुशीत असताना भीमजयंतीच्या दिवशी आपली शैला शिवडीहून आली. जावईबापूंची गोदीत पाळी होती, म्हणून एकटीच आली. मी तिला चुना दाखवला, पिंप दाखवलं, तुझ्या ट्रंकेसाठी ठोकलेली फळी दाखवली. पोरगी चेहऱ्याने तुझ्यावर आणि तोंडाने माझ्यावर गेलीय. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला इथं आणताय, की तिथनं काढताय?" मी म्हटलं, दोन्ही एकच की. "एकच कसं?" म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. मला असा राग आला म्हणतेस! लग्न झालेल्या लेकीवर ओरडू नये म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. वर्मावर बोट पडल्याशिवाय मला एवढा राग येत नाही, हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे, फक्त ते मला त्या वेळी आठवत नाही.

मग शनिवारी गुणाजी परत आला. भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरला तो थेट खोलीत, आणि हातातली ट्रंक खाली न ठेवताच म्हणाला, "राजा, तुमच्या वाडीच्या विहिरीत पाणी किती आहे, ठाव आहे तुला?" मी म्हटलं, चैत्रात आपल्या विहिरीत बेडूकसुद्धा राहत नाही, विचारतोस काय? "चार हात आहे," तो म्हणाला, "मी दोर सोडून बघितलं." आणि मग त्याने सांगितलं ते तू मला एका अक्षराने कळवलं नव्हतंस. वरच्या वाडीची विहीर फाल्गुनातच आटली. ती आटली की नदीच्या वाळूत खड्डे खणायचे आणि वाटीवाटीने पाणी भरायचं, हा गावाचा दरसालचा शिरस्ता. या वर्षी ते खड्डेही कोरडे पडले. गेल्या बुधवारी वरच्या वाडीच्या पाच-सहा बायका हंडे घेऊन आपल्या विहिरीपाशी आल्या, खोतांची सूनही त्यांत होती, आणि आल्या त्या लांबच उभ्या राहिल्या. बकुळा, त्यांच्या विहिरीच्या कठड्याला माझ्या आईने जन्मात हात लावला नाही. ती खाली उन्हात कळशी धरून उभी राहायची, कोणाला दया आली तर वरून ओतावं म्हणून. मी तिचा पदर धरून उभा असायचो. गुणाजी म्हणाला, आता वहिनी काय करते ते बघायला मी तिथेच थांबलो. मी तिथे असतो तर आधी भाषण केलं असतं आणि पाण्याचं मग बघितलं असतं. तू दोर उचललास, त्यांच्या पुढ्यात ठेवलास आणि म्हणालीस, "लांब कशाला उभ्या? हात आहेत ना? घ्या शेंदून." आणि परत आपल्या कामाला निघून गेलीस. त्यांच्यातली एक म्हातारी गुणाजीला म्हणाली म्हणे, "हिच्या झाडांनी धरलान हो पाणी. आमच्या डोंगरावर काय ऱ्हायलाय?"

हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही, कारण ती झाडं तोडायला मीच सांगून बसलोय. माघ महिन्यात मी कोंडीरामदादाला लिहिलं होतं, की बकुळा मुंबईला आली की जमीन तू कर, आणि वरच्या कडेचे ऐन-किंजळ नि बांधावरचं जे काही आहे ते कोळशाच्या भट्टीवाल्याला देऊन टाक. दादाला दोष देऊ नकोस. थोरला भाऊ असून त्याने आजवर माझ्या शब्दाबाहेर काही केलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की सावलीत भात भरत नाही, पाखरं बसतात, उंदीर होतात, आणि हेच मीही म्हणत आलो. भट्टीवाल्याची माणसं वैशाख लागला की येणार. हे तुला ठाऊक असणारच, वाडीत काय लपतं? ठाऊक असून तू लिहिलंस, तुमच्या मनासारखं होऊ दे.

ती जमीन पहिली काय होती ते आठवतं का? गावाने आपल्या वाडीच्या वाट्याला दिलेली, म्हणजे चांगली कशाला असेल! नुसता उतार. पावसाळ्यात माती वाहून खाली खोतांच्या शेतात जायची आणि दगड इमानाने आपल्याकडे राहायचे. बाबा म्हणायचे, आपण दरसाल खोतांना माती पोचवतो आणि वर त्यांच्या शेतात राबायलाही जातो. त्रेपन्न साली ग्रामसेवकाने जपानी भातशेतीचं सांगायला सभा घेतली तेव्हा सगळे बाप्ये विड्या ओढत बसले, आणि तू एकटी उठून खताच्या पाल्यासाठी उंदीरमारीच्या झाडाची फाटी मागून घेतलीस. बांधावर हात-हात अंतराने ती रोवलीस. उताराला आडव्या ओळी धरून शिवण आणि करंज लावलेस, मधल्या पट्ट्यांत नाचणी केलीस. वरच्या कडेच्या ऐन-किंजळींच्या फांद्या दरसाल बोडक्या होईपर्यंत तोडायची आपली रीत, ती तू बंद केलीस. त्यावरून केवढा गहजब! फांद्या-पाला पसरून जमीन भाजल्याशिवाय भाताचं रोप कधी उगवलंय का, असं दादा चारचौघांत विचारायचा. तू उंदीरमारीचा पाला चिखलात तुडवलास आणि रोप उगवलं. मी सुट्टीवर आलो की म्हणायचो, हे शेत आहे की राणीची बाग? सगळे हसायचे, आणि तूही हसायचीस, म्हणून मला वाटायचं की विनोद चांगला आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. छप्पन्नच्या जानेवारीत इथे गोळीबार झाला, संचारबंदी लागली, गिरण्या बंद पडल्या. त्याआधी नोव्हेंबरच्या मोर्च्यात फ्लोरा फाउंटनपाशी खांद्यावर लाठी बसली होती, तो खांदा अजून दुखत होता. मी बोट धरून गावी आलो. तुझी आई आजारी म्हणून तू शैलाला घेऊन माहेरी गेलेली. घरात मी एकटा आणि हाताला काम नाही. तुला गिरणीतलं एक सांगतो, मग तुला कळेल. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायला, आपल्या माणसांना घेत नसत, म्हणून मी पहिल्यापासून रिंगखात्यात, सूत काढायला. तिथे माणसाला दोनच गोष्टी शिकवतात. तुटलेला धागा जोडायचा आणि खाली पडलेली रुई झाडून काढायची. रुई साचली की आगीची भीती, म्हणून जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, एक वेळ सगळं सोडेल, जमिनीवरची रुई सोडणार नाही. वीस वर्षं हेच केलेल्या माणसाला तुझा उतार कसा दिसला असेल? झाडांखाली वीतभर पाला, ओळींतून वाकडीतिकडी रोपं, बांधावर फाटे सुटलेले. मला सगळा केर दिसला. म्हटलं, बकुळा यायच्या आत शेत लख्ख करून ठेवू, खूश होईल. मी रागाच्या भरात तोडलं असं तुला आजवर वाटत असेल. तसं नव्हतं गं. तुला खूश करायला तोडलं. आठ दिवस कोयता चालवला. बांधावरची एकूण एक फाटी बुंध्याशी छाटली, शिवण-करंज कापले, सगळा पाला ओढून ढीग केले आणि जाळले. दुखऱ्या खांद्याने हे केलं म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं.

तू आलीस. उताराकडे बघितलंस, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलंस आणि मला विचारलंस, "जेवलात का?" मला वाटलं, खूश झाली. शपथेवर सांगतो, तसंच वाटलं. गिरणी सुरू झाली तसा मी परत आलो. त्या आषाढात बांध तीन ठिकाणी फुटला, खालची दोन खाचरं वाळू-दगडांनी भरली, विहिरीत गाळ गेला. दादाचं पत्र आलं तेव्हा ते वाचता वाचताच मला कळलं, की हे कशाने झालं. आणि मी उत्तर काय लिहिलं? लिहिलं, की झाडांच्या मुळांनी बांध पोखरला असणार, मी आधीपासून सांगत होतो. दादाने ते पत्र वाडीत सगळ्यांना वाचून दाखवलं, तुझ्यासमोर. तू मला खोटं पाडू शकली असतीस, पण एक शब्द बोलली नाहीस. पाऊस संपल्यावर तू टोपल्या भरभरून माती खालून वर नेलीस, अख्खा हिवाळा. मला हे तू सांगितलं नाहीस, पुढे शैलाने सांगितलं. तीही तुझ्याबरोबर टोपली उचलत होती. म्हणूनच जयंतीला तिला मला तसं विचारता आलं.

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीवर आलो होतो, तेव्हा एका सकाळी तू भाकऱ्या भाजत असताना एकटाच बांधावर गेलो. छाटलेल्या प्रत्येक बुंध्यातून तीन-तीन चार-चार फुटवे निघून माझ्या डोक्याच्या वर गेले होते. खाली माझ्या कोयत्याचे वार अजून दिसत होते. मी डावरा, माझा वार उलटा तिरपा पडतो, तो मी कुठेही ओळखीन. एकेका बुंध्याभोवती तू दगडांचं आळं केलं होतंस आणि त्यात पाला भरला होतास. मी एक बघितला, दुसरा बघितला, सातव्या-आठव्यापाशी थांबलो, पुढे जाववेना. घरी येऊन तुझ्यावरच ओरडलो, "काय हे रान माजवलंयस, चल मुंबईला." तेव्हापासून मी जास्तच हट्टाला पेटलो. इथे सगळ्यांना सांगायचो, की बायको एकटी डोंगरात राहते, माझा जीव थाऱ्यावर नसतो. ते खोटं नाही. पण त्याहून खरं हे, की मला ते बुंधे बघवत नव्हते. तू इकडे आलीस आणि दादाने सगळं भट्टीत घातलं, की माझं केलेलं कोणाला दिसणार नाही आणि मलाही दिसणार नाही, असं माझ्या मनात होतं. स्वतःशी हे मी परवा कबूल केलं, गुणाजीसमोर. तो बिचारा कालवणाची अटही विसरला.

माझी चूक झाली, बकुळा. बांध मुळांनी फुटला नाही, तो माझ्या कोयत्याने फुटला. चार वर्षं उशिरा लिहितोय, पण हे अक्षर माझं आहे आणि ते तू वाडीत सगळ्यांसमोर वाचायला लाव, दादालाच वाचायला लाव. त्याला वेगळं पत्रही लिहिलंय, की भट्टीवाल्याला नाही म्हणून सांग, मी दिलेला शब्द मीच मागे घेतला, त्याच्यावर बोल येऊ देऊ नको. आपला दादा सावलीचं पुन्हा बोलेल. त्याला म्हणावं, एक पावसाळा तुझ्या शेतातली माती कुठे जाते ते बघ आणि मग बोल. दोन्ही पत्रं टपालात टाकत नाही. तळमजल्यावरच्या जाईबाई उद्याच्या बोटीने गावी निघाल्यात, त्यांच्या हाती देतोय. त्यांना सांगितलंय, की घरी नंतर जा, आधी आमच्या उतारावर जा, आणि कोणी कुऱ्हाड घेऊन उभा असेल तर लांबूनच ओरडा. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, भट्टीवाला तर काय, ऐन-किंजळही जागच्या जागी दचकतील.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. तू येऊ नकोस, मला येऊ दे. राजीनामा लिहून ठेवलाय, अजून दिलेला नाही. गुणाजी म्हणतो, "येडा झालास काय? मुंबईसाठी लाठी खाल्लीस, आणि मुंबई मिळाली तर तूच निघालास?" मी त्याला म्हटलं, मुंबई आता कुठे पळून जात नाही, पाऊस आला की माती जाते. बोललो ऐटीत, पण माझी ऐट तुला माहीत आहे. पुन्हा मीच ठरवून तुला हुकूम सोडतोय असं व्हायला नको, म्हणून आधीच लिहितो. तुला डोंगराचा खरोखर कंटाळा आला असेल, तर तू ये, खोली तुझी आहे, आणि मी गिरणीत राहीन. तू ये किंवा येऊ नको, माझ्या तोंडाकडे बघ किंवा बघू नको, झाडांना कोणी हात लावणार नाही, तो शब्द वेगळा आणि तो मी आजच दिला. पण तुला तिथेच राहायचं असेल, तर मला ठेवून घेशील का? मी मालक म्हणून सुट्टीला येत होतो, तसा येणार नाही. काय छाटायचं, काय राखायचं, पाला कुठे टाकायचा, ते तू सांगशील तसं करीन, आणि तू हातात देईपर्यंत कोयत्याला शिवणार नाही. तुझं कार्ड आल्याशिवाय बोटीत पाय ठेवत नाही. तू काय लिहिशील ते मला खरंच माहीत नाही. उत्तर माहीत नसताना मी तुला आजवर कधी काही विचारलं नव्हतं.

तुझाच, तू म्हणशील तिथला,
राजाराम